ख्रिस्ती नम्रता आणि ‘मी’चा प्रश्न : पालि मान-विचाराच्या दृष्टीने एक परीक्षण

‘नम्रता’ हा शब्द आमच्या वाचकांच्या कानांवर निर्मळ इतिहास घेऊन येत नाही. गावगाड्यात महाराने पाटलापुढे वाकून ‘जोहार’ घालणे हीही नम्रताच समजली जात होती. आणि ‘जोहार’ टाकून ‘जयभीम’ म्हणणे हा पुष्कळांच्या दृष्टीने उद्धटपणा ठरला होता. म्हणून एखादा धर्म जेव्हा नम्रतेला सद्गुणांच्या अग्रभागी बसवितो, तेव्हा तीन प्रश्न विचारणे आम्हांस भाग पडते. नम्र कोणी व्हावयाचे? कोणापुढे व्हावयाचे? आणि नम्र झाल्यानंतर त्या माणसाच्या ‘मी’चे काय होते?

ख्रिस्ती धर्म हा असा धर्म आहे. मिशनऱ्यांनी काढलेल्या शाळा, दवाखाने आणि त्यांनी घडविलेली धर्मांतरे यांविषयीचा वाद या लेखाचा विषय नाही. त्या धर्माच्या प्रमाणग्रंथांतून आणि थोर आचार्यांच्या लेखनातून नम्रतेचा जो विचार दिसतो, तो पालि वाङ्मयातील ‘मान’-विचाराच्या कसोटीवर घासून पाहणे एवढाच आमचा हेतू आहे. कसोटी न्याय्य असावयाची, तर ती आपल्याही ग्रंथांना लावली पाहिजे. ते काम आम्ही लेखाच्या उत्तरार्धात करणार आहोत.

१. शब्द आणि त्याचे मूळ

नव्या कराराची भाषा ग्रीक. त्या भाषेत ‘तापेइनोस्’ म्हणजे खालचा, हलका, क्षुद्र. ग्रीक-रोमन जगातील स्वतंत्र नागरिकाने हा शब्द स्वतःविषयी अभिमानाने वापरावा, अशी कल्पनाही करता येत नव्हती. तो गुलामाला आणि हीन कुळातील माणसाला लावावयाचा शब्द होता. त्याच शब्दापासून बनलेला ‘तापेइनोफ्रोस्युने’ हा शब्द ख्रिस्ती लेखनात सद्गुणाचे नाव झाला. लॅटिन भाषेत त्यासाठी ‘हुमिलितास’ हा शब्द रूढ झाला. ‘हुमुस’ म्हणजे माती, तिच्याशी त्याचे नाते आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने ‘दीन’, ‘लीन’, ‘नम्र’, ‘दास’ हे शब्द घेतले. ते संतांच्या अभंगांनी आधीच घडविलेले होते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) तर तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे मानीत. त्यामुळे मराठी वाचक जेव्हा ख्रिस्ती नम्रतेविषयी ऐकतो, तेव्हा त्याला दोन परंपरांचा आवाज एकदम ऐकू येतो.

ख्रिस्ती नम्रतेचा मूळ दाखला मात्र अभंगात नाही. तो पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तेथे सांगितले आहे ते असे : जो ईश्वराच्या स्वरूपाचा होता, त्याने ते श्रेष्ठत्व धरून ठेवले नाही, त्याने स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले आणि क्रूसावरचे मरण पत्करले. क्रूस ही रोमन साम्राज्यात मुख्यत्वे गुलामांना आणि बंडखोरांना दिली जाणारी शिक्षा होती, हे लक्षात घेतले म्हणजे या वर्णनाचा धक्का समजतो. योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात गुरू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पाय धुणे हे गुलामाचे काम होते.

या दोन्ही ठिकाणी खाली येणारा वरचा आहे, आणि तो स्वेच्छेने येत आहे. ज्याला उतरावयास जागा आहे, त्याचीच ही नम्रता आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील मरियेचे स्तोत्र याहून बोलके आहे. तेथे याच धातूचा शब्द मरियेच्या स्थितीसाठी आला आहे, आणि प्रकरणाच्या ओघात त्याचा अर्थ ‘दैन्यावस्था’ असा होतो. कारण लगेच पुढे सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढल्याची आणि दीनांना वर उचलल्याची भाषा येते. म्हणजे तेथे दैन्य ही दूर व्हावयाची अवस्था आहे. जोपासावयाचा गुण म्हणून ते तेथे आलेले नाही. एकाच शब्दाच्या पोटातील हा अर्थभेद पुढे पुसट झाला, आणि त्या पुसटपणातून पुष्कळ अनर्थ निघाला असे आमचे मत आहे.

२. ‘मी’ कोण?

नम्रतेचा प्रश्न अखेरीस ‘मी कोण’ या प्रश्नाशी येऊन भिडतो. पौलाचे उत्तर गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सापडते. जुना ‘मी’ ख्रिस्ताबरोबर क्रूसावर गेला. आता जगतो तो ‘मी’ नव्हे, ख्रिस्त माझ्यात जगतो, असा त्याचा आशय आहे. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हे भेद ख्रिस्ताच्या ठायी उरत नाहीत असे प्रतिपादन आहे. जन्माने चिकटविलेली ओळख गळून पडते ही घोषणा आमच्या वाचकांना परकी वाटणार नाही. तिचे मोल आम्ही मानतो.

परंतु नवी ओळख येते ती दान म्हणून. ती दुसऱ्याच्या कृपेवर उभी असते. हा धागा संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने शेवटापर्यंत नेला. चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याने लिहिलेले ‘कन्फेशन्स’ हे आत्मनिवेदन पाश्चात्त्य जगातील आत्मशोधाचा मूळ ग्रंथ मानले जाते. त्याच्या दहाव्या भागात तो स्मृतीच्या विशाल दालनांतून स्वतःला शोधीत फिरतो आणि आपण स्वतःलाच एक कोडे झालो आहोत असे त्याला आढळते. सातव्या भागात तो सांगतो की प्लेटोवादी ग्रंथांत त्याला ज्ञान मिळाले, पण नम्र होऊन देह धारण करणारा ईश्वर तेथे मिळाला नाही. गर्व हे सर्व पापांचे मूळ, आणि म्हणून नम्रता हा त्यावरचा उपाय, ही मांडणी त्याच्यामुळे दृढ झाली. माणूस स्वप्रयत्नाने सदाचारी होऊ शकतो असे म्हणणाऱ्या पेलाजियसच्या पक्षाचा ४१८ च्या कार्थेज येथील धर्मपरिषदेने निषेध केला, आणि सत्कर्माचेही श्रेय कर्त्याकडे उरले नाही. मी स्वतः होऊन काहीच नाही, हे स्वतःविषयीचे अंतिम सत्य ठरले.

सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठासाठी जे नियम लिहिले, त्यांच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत. सहाव्या पायरीवर भिक्षूने अत्यंत हलक्या वस्तूत आणि कामात समाधान मानावयाचे असते. सातव्या पायरीवर तो सर्वांहून नीच आहे हे त्याने केवळ जिभेने म्हणावयाचे नसते, अंतःकरणाने मानावयाचे असते. बाराव्या शतकातील बर्नार्डने याच पायऱ्यांवर प्रबंध लिहिला आणि नम्रतेची व्याख्याच अशी केली की यथार्थ आत्मज्ञानामुळे माणूस स्वतःच्या दृष्टीने तुच्छ होतो तो गुण.

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती ख्रिस्ती आचार्यांच्या नजरेतून सुटली नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सदाचारी माणसाने आपण सर्वांहून नीच आहोत असे मानणे हे असत्य नव्हे काय? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने या शंकेचे उत्तर दिले. आपल्यात जे केवळ आपले आहे त्याची तुलना दुसऱ्यात जे ईश्वराचे आहे त्याच्याशी करावी, म्हणजे खोटे न बोलता नम्र होता येते, असा त्याचा तोडगा आहे. सोळाव्या शतकात तेरेसा हिने नम्रता म्हणजे सत्यात वावरणे असे मानले. आमच्या मते ख्रिस्ती परंपरेतील हा सर्वांत निरोगी विचार होय, कारण तो यथाभूत दर्शनाच्या जवळ येतो.

३. मोजणारा ‘मी’

आता पालि वाङ्मयाकडे वळू. अभिधम्मपिटकातील ‘विभंग’ या ग्रंथात मानाचे वर्गीकरण मोठ्या बारकाईने केले आहे. मी श्रेष्ठ आहे, मी समान आहे, मी हीन आहे, असे मानाचे तीन प्रकार. श्रेष्ठ, समान आणि हीन अशा तिन्ही स्थितींतील माणसे हे तिन्ही प्रकार बाळगू शकतात, म्हणून एकूण नऊ. याशिवाय ‘अतिमान’, ‘अधिमान’, ‘मिच्छामान’ इत्यादी भेद सांगताना ‘ओमान’ हाही एक भेद सांगितला आहे. ओमान म्हणजे स्वतःला कमी लेखणे. वाचकांनी येथे थांबून विचार करावा. स्वतःला हीन लेखणे ही मानाची विरुद्ध बाजू असे लोकव्यवहारात समजले जाते. अभिधम्म तिला मानाचीच एक जात समजतो.

याचे कारण संयुत्तनिकायाच्या खन्धवग्गात मिळते. राजगृहाच्या वेळुवनात सोण नावाच्या गृहपतिपुत्राला भगवंत सांगतात की रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे अनित्य, दुःखमय आणि बदलणारे आहेत. त्यांच्या आधारावर जे कोणी आपल्याला श्रेष्ठ, समान अथवा हीन ठरवितात, त्यांना वस्तुस्थितीचे दर्शन झालेले नाही. मोजमाप खोटे ठरते ते मापाची पट्टी वरच्या की खालच्या आकड्यावर थांबली यामुळे नव्हे. जी वस्तू मोजली तीच स्थिर नाही.

त्याच वग्गातील खेमक भिक्खूची कथा या विषयाचा कळस आहे. खेमक कोसंबीजवळ बदरिकाराम येथे आजारी आहे. वृद्ध भिक्खू दासक भिक्खूच्या हाती वारंवार निरोप पाठवून त्याला विचारतात, की पाच स्कंधांपैकी तू कशाला ‘मी’ म्हणतोस? खेमक म्हणतो, यांपैकी कशालाही मी ‘हा मी आहे’ म्हणत नाही, तरीही ‘आहे’पणाचा अवशेष अजून गेलेला नाही. मग तो दृष्टांत देतो. मळलेले वस्त्र परीट खाराने आणि शेणाने धुतो. वस्त्र स्वच्छ होते, पण खाराचा वास राहतो. ते सुगंधी पेटीत ठेवल्यावर तोही वास जातो. ‘अस्मिमान’ हा असा वास आहे. धुण्याच्या साधनाचाच वास वस्त्राला लागतो, ही या दृष्टांतातील सर्वांत मार्मिक गोष्ट आहे.

बेनेडिक्टची सातवी पायरी या दृष्टांतापुढे ठेवून पाहिली म्हणजे आमचा मुख्य आक्षेप स्पष्ट होतो. सर्वांहून मी नीच, या वाक्यात ‘नीच’ हा शब्द बदलला आहे. ‘सर्वांहून’ आणि ‘मी’ हे दोन्ही शब्द जागच्या जागी आहेत. नम्रता हा येथे खार आहे आणि तिचाच वास वस्त्राला लागला आहे. बर्नार्डला हा धोका दिसला होता. त्याने गर्वाच्याही बारा पायऱ्या सांगितल्या आणि ढोंगी पापकबुलीला त्यांत नववे स्थान दिले. पण त्याचा उपाय पुन्हा प्रभूपुढे अधिक खोल लीन होण्याचा आहे. मायस्टर एकहार्टच्या नावावर असलेल्या निर्लेपतेवरील प्रबंधात मात्र नम्रतेच्याही वर निर्लेपतेला स्थान दिलेले आढळते, कारण नम्र माणूस कोणापुढे तरी वाकत असतो आणि निर्लेप माणूस वरही पाहत नाही आणि खालीही पाहत नाही. या ठिकाणी ख्रिस्ती विचार अनत्तवादाच्या उंबरठ्याशी येऊन पोहोचतो. तो उंबरठा ओलांडत नाही, कारण पलीकडे गेल्यास स्वामी आणि दास हे नातेच उरणार नाही.

४. नम्रता मागितली गेली तेव्हा

मठातील भिक्षू ही पायरी स्वतः निवडतो. समाजात मात्र ती दुसऱ्याकडून वसूल केली गेली. १८०७ मध्ये लंडन येथे वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी निवडक उताऱ्यांचे एक बायबल छापण्यात आले. इजिप्तच्या दास्यातून इस्राएल लोक सुटले तो भाग त्यातून गाळला होता. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हा इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील उपदेश मात्र ठेवला होता. ही कात्री बाहेरून आली असली, तरी आज्ञापालनाचा उपदेश ग्रंथात मूळचाच होता हे विसरता येत नाही. स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस याने १८४५ च्या आपल्या आत्मवृत्ताला परिशिष्ट जोडून ख्रिस्ताचा धर्म आणि गुलामांच्या धन्यांचा धर्म यांतील अंतर दाखविले. १९६० मध्ये व्हॅलरी सेव्हिंग या अमेरिकन विदुषीने वेगळ्या बाजूने हाच प्रश्न मांडला. गर्व हे मूळ पाप असे म्हणणारे धर्मशास्त्र पुरुषांच्या अनुभवावरून रचले गेले आहे. स्त्रीचा धोका पुष्कळदा उलट असतो, ती स्वतःला पुसून टाकते, आणि तिला आणखी नम्र होण्यास सांगणे म्हणजे रोगाचेच औषध करणे होय, असा तिच्या प्रतिपादनाचा मथितार्थ आहे.

आपल्याकडे हा प्रश्न बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी ओळखला होता. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले आणि महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये त्यांच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केलेले ख्रिस्ती धर्मांतरितांविषयीचे निबंध अभ्यासकांनी अवश्य वाचावेत. मिशनऱ्यांच्या सेवेची दखल घेऊनही बाबासाहेब तेथे एक मूलगामी आक्षेप नोंदवितात. हिंदू असताना अस्पृश्याला सांगितले जाते की तुझी ही दशा तुझ्या पूर्वकर्माने झाली. ख्रिस्ती झाल्यावर त्याला सांगितले जाते की मानवाचे पतन आदिपुरुषाच्या पापाने झाले. दोन्हीकडे दोष त्याच्याच पदरात पडतो. ज्या समाजरचनेने त्याला खाली दाबले तिच्याकडे त्याची दृष्टी वळत नाही. आमच्या परिभाषेत सांगावयाचे तर, ज्याच्यावर ओमान आधीच लादलेला आहे, त्याला पश्चात्तापाच्या रूपाने आणखी एक ओमान दिला जातो.

पुढे १९८१ मध्ये बंगलोर येथील व्याख्यानातून अरविंद निर्मळ यांनी दलित ख्रिस्ती धर्मशास्त्राचा पाया घातला. सेवा करणारा ईश्वर हा दलितांचाच ईश्वर होय, अशी त्यांची मांडणी आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचे ते धीट वाचन आहे, आणि त्यातील आत्मसन्मान आम्हांस आदरणीय वाटतो. तरी एक शंका उरते. ईश्वरच झाडूवाला झाला असे म्हटल्याने झाडू हातात देणारी व्यवस्था लाजते, की झाडू पवित्र होऊन त्याच हातात राहतो? या शंकेचे निरसन त्या मांडणीत आम्हांस सापडत नाही.

ख्रिस्ती नम्रतेवर नीत्शेनेही १८८७ मध्ये गुलामांची नीती म्हणून हल्ला केला होता. आमची टीका त्याच्या पंक्तीत बसविली जाऊ नये. त्याला गुलामाविषयी तिटकारा होता. आमचा आक्षेप गुलामाच्या बाजूने आहे.

५. हीच कसोटी आपल्या ग्रंथांना

आता ठरल्याप्रमाणे आपल्याकडे पाहू. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात अनुरुद्ध, आनंद प्रभृती शाक्यकुमार प्रव्रज्येसाठी येतात, तेव्हा ते स्वतःच भगवंतांना विनंती करतात की आमच्या सेवेत असलेल्या उपालि नावाच्या न्हाव्याला आधी दीक्षा द्यावी. आम्ही शाक्य मानी आहोत. त्याला आम्हांस वंदन करावे लागेल आणि आमचा मान उतरेल. येथे वाकावयाचे आहे ते शाक्यांनी. उपालिला नम्रतेचा उपदेश केलेला नाही.

अंगुत्तरनिकायाच्या नवकनिपातात मात्र अवघड प्रसंग आहे. सारिपुत्तांवर एक भिक्खू खोटा आळ घेतो. उत्तरादाखल सारिपुत्त आपल्या चित्ताची अवस्था अनेक उपमांनी सांगतात. पृथ्वी, जल, पायपुसणे, शिंगे मोडलेला बैल. आणि त्यांतच एक उपमा अशी, की हाती पात्र घेऊन फाटक्या चिंध्यांत गावात शिरणारा चांडालकुमार किंवा चांडालकुमारी जशी मन नीच करून शिरते, तसा मी वावरतो. ब्राह्मणकुळात जन्मलेल्या धम्मसेनापतीने ही उपमा स्वतःला लावावी, यात त्यांची थोरवी आहे, आणि आळ घेणारा भिक्खूही शेवटी क्षमा मागतो. पण त्या चांडालकुमारीचे काय? गावात शिरताना तिचे मन खाली जाते ते सद्गुणामुळे नव्हे, भयामुळे. सूत्रात तिच्या भयाविषयी एक शब्द नाही. सारिपुत्तांनी जे उचलून धारण केले, ते तिच्यावर लादलेले होते. ख्रिस्ती ग्रंथांतील ‘दास’ या शब्दाविषयी आम्ही जो प्रश्न विचारला, तो या उपमेलाही विचारला पाहिजे. आमच्या पूर्वजांपैकी अनेकजण त्या मुलांच्या जागी होते. ती उपमा आम्ही केवळ सारिपुत्तांच्या बाजूने वाचू शकत नाही.

आणखी एक शंका वाचकांच्या मनात येईल. ‘मी समान आहे’ हाही मानच असेल, तर समतेच्या आमच्या आग्रहाचे काय? ही शंका गंभीर आहे आणि तिचे उत्तर वासेट्ठसुत्तात आहे. तृण, कीटक, पशू, पक्षी यांच्यात जातिभेदाची चिन्हे दिसतात, तशी माणसामाणसांत दिसत नाहीत, असे तेथे भगवंत दाखवून देतात. हे स्वतःचे मोजमाप नाही, हे वस्तुस्थितीचे निरीक्षण आहे. ‘सदिसमान’ म्हणजे दुसऱ्याशी सतत तुलना करीत राहण्याची मनाची खाज. समता म्हणजे तशी तुलना करून कोणाला खाली ढकलण्याचा अधिकार कोणालाही नाही, हा नियम. पाणवठ्यावर, मंदिरात, शाळेत, कायद्यात समता मागणारा माणूस आपला मान वाढवीत नसतो. दुसऱ्याच्या मानाने अडविलेली वाट तो मोकळी करीत असतो. किंबहुना समता प्रस्थापित झाल्याखेरीज सदिसमानाचाही क्षय होणे कठीण, कारण ज्याला रोज मोजले जाते त्याला मोजणे विसरता येत नाही.

६. उपसंहार

ख्रिस्ती नम्रतेच्या दोन धारा आम्हांस दिसतात. एक, वरच्याने खाली येण्याची; ती गुरूने शिष्यांचे पाय धुण्यात आहे, आणि २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममधील बालतुरुंगात मुलामुलींचे पाय धुतले त्यातही ती दिसली. दुसरी, खालच्याला खालीच राहण्याचे पुण्य सांगणारी. पहिलीविषयी आम्हांस आदर आहे. दुसरीला ख्रिस्ती समाजातीलच विवेकी माणसांनी विरोध केला आहे, आणि त्या विरोधात आम्ही त्यांचे सोबती आहोत. मात्र दोन्ही धारांत ‘मी’ची ओळख कोणाच्या तरी वर किंवा खाली असण्यावर अवलंबून राहते, आणि तेथे आमचा मार्ग वेगळा होतो.

विहारात आपण बुद्धमूर्तीपुढे तीन वेळा पंचांग प्रणाम करतो. लहान मुले मोठ्यांचे पाहून तसेच करतात, आणि कधीतरी एखादे मूल विचारते की आपण कोणापुढेही वाकायचे नाही म्हणता, मग येथे का वाकता? त्या मुलाला उत्तर मिळाले पाहिजे. येथे वाकणाऱ्याला कोणी वाकविलेले नाही. न वाकल्यास त्याची वाट, पाणी किंवा भाकरी कोणी बंद करणार नाही. मंगलसुत्तात गौरव आणि निवात, म्हणजे आदर आणि नम्रता, ही दोन्ही मंगले शेजारी शेजारी सांगितली आहेत. आदर मनापासून वाटला म्हणून वाकणे आणि भीतीने वाकणे यांतील भेद त्या मुलाला ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी त्याला मंगलसुत्तातील ते दोन शब्द समजतील, आणि त्याच्या आजोबांनी ‘जोहार’ का टाकला हेही समजेल.